उत्तरेचं जंगल टुंड्राला नेमकं कुठे मिळतं?

प्रश्न असा आला आहे: उपग्रहाच्या छायाचित्रांत उत्तर कॅनडा बघताना वाटलं होतं की जंगल उत्तरेकडे हळूहळू विरळ होईल आणि एका ठिकाणी संपेल. दिसलं भलतंच. टुंड्राच्या, म्हणजे झाडं नसलेल्या थंड उघड्या माळाच्या, मधोमध झाडांची काळी बेटं, आणि जंगलाच्या पोटात उघडे माळ. मग नकाशातली ती वृक्षरेषा जमिनीवर कुठे आहे? आणि तापमानवाढीमुळे ती वर्षाला किती किलोमीटर उत्तरेला सरकते आहे?

तुम्हाला दिसलं ते बरोबर आहे. नकाशा फक्त सोयीसाठी काढलेला आहे. उत्तरेकडच्या वनस्पतींच्या नोंदी घेणं हे माझं काम. वीसेक उन्हाळे या पट्ट्यात गेले, त्यातला बराच वेळ गुडघे टेकून, भिंग डोळ्याला लावून. त्या अनुभवावरून सांगतो, पण आधी प्रश्न जरा सोलून घेऊ. त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत. एक, जंगलाला एकच कड असते. दोन, तापमान वाढलं की ती कड तापमापीतल्या पाऱ्यासारखी वर चढते. पहिली गोष्ट खोटी आहे. दुसरी अर्धी खरी आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच सगळी गंमत आहे.

कडा निदान तीन आहेत. सलग जंगल संपतं ती पहिली. ज्याला झाड म्हणावं असं शेवटचं झाड उभं असतं ती दुसरी. आणि त्याच जातीचं, पण जमिनीसरपट पसरलेलं, पोटरीइतकं शेवटचं झुडूप सापडतं ती तिसरी. पहिली आणि तिसरी यांच्यात डोंगरउतारावर काहीशे मीटर असतात, सपाट प्रदेशात शे-दोनशे किलोमीटरही असू शकतात. या मधल्या पट्ट्याला वन-टुंड्रा म्हणतात. वायव्य कॅनडात त्याच्या हद्दी ठरवताना वापरलेलं माप मला फार आवडतं: दक्षिणेच्या हद्दीवर उंचवट्यावरच्या टुंड्राच्या एका भागाला झाडीचे १००० भाग, आणि उत्तरेच्या हद्दीवर झाडीच्या एका भागाला टुंड्राचे १००० भाग. म्हणजे ‘रेषा’ हे मुळात एक बदलत जाणारं प्रमाण आहे. शिवाय झाड कशाला म्हणायचं यावरही एकमत नाही. कुणी पाच मीटर धरतं, कुणी तीन, मी दोन. कारण दोन मीटरच्या झाडाचा शेंडा बहुतेक ठिकाणी हिवाळ्यातल्या बर्फाच्या वर राहतो, आणि तिथून पुढे त्याचं आयुष्यच वेगळं होतं. त्याकडे येतोच.

आता दक्षिणेकडून चालत निघू. स्प्रूस या सदाहरित सूचिपर्णी झाडाच्या दाट जंगलात खाली उजेड कमी, ओल जास्त, आणि जमिनीवर मऊ हिरव्या मॉसची गादी. त्यातल्या हायलोकोमियम नावाच्या मॉसला दर वर्षी आधीच्या पानाच्या पाठीवरून नवी पायरी फुटते; एक काडी उचलून पायऱ्या मोजल्या की तिचं वय कळतं. नवख्यांना मी पहिल्या दिवशी हेच करायला लावतो, म्हणजे नजर आपोआप खाली वळते. कारण इथून उत्तरेला जे घडतं ते वर बघून फारसं कळत नाही.

मग झाडं सुटी सुटी होतात. दोन झाडांत पाच-दहा मीटर अंतर पडतं, ऊन जमिनीपर्यंत पोचतं आणि हिरवी गादी जाऊन तिथे फिकट पिवळसर पांढरं दगडफूल येतं, म्हणजे रेनडियर आणि कॅरिबू हिवाळ्यात बर्फ उकरून खातात ते लायकेन. हा टप्पा आकाशातून ओळखायला सर्वांत सोपा: फिकट जमिनीवर काळे ठिपके. जवळून बघाल तर क्लॅडोनिया स्टेलारिस या दगडफुलाचे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे गोल झुबके एकमेकांना चिकटून बसलेले असतात. कोरड्या दुपारी पाय पडला की चुरा होतो, पाऊस झाल्यावर तेच स्पंजासारखे दबून परत वर येतात. वाढ वर्षाला जेमतेम चार-पाच मिलिमीटर. आमच्या एका जुन्या तळावर दुपारच्या चहासाठी रोज ज्या वाटेने आम्ही गेलो, ती वाट बारा वर्षांनी परत गेलो तेव्हाही तशीच दिसत होती.

त्यानंतर झाडं उंचवटे सोडून खळग्यांत, ओढ्याकाठी, उताराच्या आडोशाला जातात. टेकाडाचा माथा उघडा, खालची घळ झाडीची. तुमची ठिगळं ती हीच. पुढे झाडाचा आकारच बिघडतो. आणि शेवटी कमरेएवढी झुडपं राहतात: खुरटा बर्च, विलो, अल्डर.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण पुस्तकातलं चित्र इथेच दिशाभूल करतं. झाडं संपतात तिथे बाकीची वनस्पती बदलतेच असं नाही. लॅब्राडोर टी, लिंगनबेरी, क्रोबेरी, क्लाउडबेरी, खुरटा बर्च, तेच दगडफूल, ही मंडळी स्प्रूसच्या पायाशी असतात आणि शेवटच्या स्प्रूसच्या पन्नास किलोमीटर उत्तरेलाही असतात. छप्पर निघतं, फरशी तीच राहते. माझ्या वहीत वृक्षरेषेच्या दोन बाजूंच्या जातींच्या याद्या शेजारी शेजारी ठेवल्या तर कोणती कुठली हे मलाही पटकन सांगता येत नाही. बदलते ती कोणाची किती जागा आहे ही गोष्ट. फरशी बदलते ती आणखी पुढे. आधी कापूसगवताचे ठोंब येतात, ज्यांवरून चालणं म्हणजे दर पावलाला घोटा मुरगळायची तयारी. मग झुडपं घोट्याखाली जातात. मग ड्रायस आणि कॅसिओपी ही बुटकी झुडपं, जमिनीला चिकटून आडवा वाढणारा आर्क्टिक विलो. जिथे जुलैचं सरासरी तापमान तीन अंशांच्याही खाली असतं, त्या अगदी टोकाच्या बेटांवर लाकूड धरणारी वनस्पतीच उरत नाही. मॉस, लायकेन आणि मुठीत मावतील अशी थोडी फुलझाडं, बस्स.

मग झाडालाच काय होतं? सर्वसाधारण समज असा की थंडीने मरतं. तसं नाही. या जाती हिवाळ्यात उणे पन्नासच्याही खाली तग धरतात. अडचण उन्हाळ्याची आहे. सर्वांत उबदार महिन्याचं सरासरी तापमान १० अंश असलेली रेषा आणि वृक्षरेषा ढोबळमानाने जुळतात, हे फार जुनं निरीक्षण आहे. त्याहून नेमकं माप जगभरच्या डोंगरांवर मिळालं: वाढीच्या हंगामात मुळांपाशी सरासरी सहा-सात अंश असेल तिथपर्यंत झाड तगतं. कारणही समजून घेण्यासारखं आहे. पानं थंडीतही साखर बनवतात, पाच अंशांनाही बऱ्यापैकी बनवतात. पण त्या साखरेतून नव्या पेशी, नवं लाकूड बांधायचं काम पाच अंशांच्या खाली जवळजवळ ठप्प होतं. सामान आवारात येऊन पडलंय आणि गवंडी कामावर नाही, अशी अवस्था. कडेवरचं झाड उपाशी नसतं. त्याच्या खोडात साखर-स्टार्चचा साठा बहुधा भरपूर सापडतो.

मग तोच उन्हाळा खुरट्या बर्चला कसा पुरतो? उंचीमुळे. झाडाचा शेंडा वाऱ्यात असतो, म्हणून त्याचं तापमान हवेइतकंच. घोट्याएवढं झुडूप मात्र जमिनीलगतच्या स्थिर, उन्हाने तापलेल्या थरात राहतं. जुलैतल्या निरभ्र दुपारी एक तापमापी मॉसच्या पृष्ठभागावर आणि दुसरी डोक्याच्या उंचीवर ठेवली तर दहा-बारा अंशांचा फरक पडणं नवल नाही. म्हणजे एकाच जागी दोन हवामानं आहेत, आणि झाड होणं म्हणजे उबदार हवामानातून मान बाहेर काढणं. उत्तरेला ही किंमत परवडेनाशी होते.

हिवाळा आपली किंमत वेगळी वसूल करतो. बर्फाखाली असलेला भाग सुरक्षित. बर्फाच्या पृष्ठभागालगत वारा बर्फाचे कण पॉलिशपेपरसारखे घासत नेतो. तिथली पानं आणि कळ्या जातात. म्हणून कडेवरच्या स्प्रूसला खाली दाट घेर, मध्ये उघडं खोड, आणि वर, वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूलाच, झेंड्यासारख्या फांद्या असा विचित्र आकार येतो. त्या घेराची उंची मोजली की तिथे साधारण किती बर्फ साठतं ते उन्हाळ्यातही कळतं. पाच मिनिटांचं काम आहे, आणि हवामान केंद्र नसलेल्या प्रदेशात त्याचा उपयोग किती ते विचारू नका. लार्च हा सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं टाकतो, त्यामुळे झीज आणि कोरडेपणा या दोन्हींतून बराचसा सुटतो.

जमिनीखालीही एक कड असते. पर्माफ्रॉस्टच्या, म्हणजे वर्षानुवर्षं गोठलेल्या जमिनीच्या, प्रदेशात उन्हाळ्यात फक्त वरचा थर वितळतो; कुठे तीस सेंटिमीटर, कुठे मीटरभर. मी पोलादी सळई खुपसून तो मोजतो. टक्कन आवाज आला की बर्फ. काळ्या स्प्रूसची मुळं पसरट असल्याने त्याचं थोड्या खोलीत भागतं, पांढऱ्याला जास्त खोल, निचऱ्याची जमीन लागते. नद्या ही जमीन देतात. वाहतं पाणी ऊब आणतं, वाळूत निचरा होतो, वितळथर खोल जातो. म्हणून कॅनडातल्या थेलॉन नदीच्या काठाने स्प्रूसचे पुंजके टुंड्राच्या पार आत गेलेले दिसतात.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर कुठे उभं राहून विचारता यावरही अवलंबून आहे. जगातल्या सर्वांत उत्तरेच्या जंगलांपैकी एक सायबेरियात तैमिर द्वीपकल्पावर आरी-मास इथे, सुमारे ७२.५ अक्षांशावर आहे. सगळा डहुरियन लार्च. उलट हडसन उपसागराच्या दक्षिण किनाऱ्यावर ५५ अंशांपाशीच टुंड्रा भेटतो, कारण त्या पाण्यावरचा बर्फ जुलैपर्यंत रेंगाळतो आणि किनाऱ्याचा उन्हाळा गारठवतो. दोन्हींत सतरा अंशांहून जास्त फरक, म्हणजे जवळपास एकोणीसशे किलोमीटर. झाडही एक नाही. उत्तर अमेरिकेत कडेवर मुख्यतः पांढरा आणि काळा स्प्रूस, सायबेरियात बराचसा लार्च, तर नॉर्वे, स्वीडन, फिनलंडच्या उत्तरेला वाकड्या खोडांचा डोंगरी बर्च. या तिघांचे शत्रू वेगळे, सवयी वेगळ्या. त्यामुळे एका ठिकाणचा नियम दुसरीकडे लावायला मी कचरतो.

आता सरकण्याबद्दल. इथे माझी एक जुनी फजिती सांगतो. कामाच्या दुसऱ्याच उन्हाळ्यात उत्तर क्वेबेकमध्ये काळ्या स्प्रूसच्या एका पुंजक्याभोवती मला चाळीसेक ‘रोपं’ सापडली. मी खुशीत प्रत्येकाला झेंडी लावली. जंगल पुढे सरकतंय याचा पुरावाच हातात आला होता ना. गटातल्या वडीलधाऱ्या संशोधक बाईंनी काही न बोलता खुरपं पुढे केलं. मॉस उकरली तर जवळजवळ सगळी रोपं जुन्या झाडांच्या खालच्या फांद्यांना जोडलेली. बर्फाच्या वजनाने फांदी जमिनीला टेकते, मॉस तिच्यावर चढते, तिथे मुळं फुटतात आणि टोक वर उठतं. बागेतलं दाब कलम, माळ्याशिवाय झालेलं. बीपासून उगवलेलं रोप त्या पुंजक्यात एकही नव्हतं. वहीतलं शीर्षक खोडून ‘फुटवे’ असं लिहिलं, आणि तेव्हापासून खुरपं माझ्या पिशवीत असतं.

या फजितीचा तुमच्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. झाड दिसतंय याचा अर्थ आजचं हवामान त्याला मानवतंय असा होत नाही. कधीतरी मानवलं होतं, एवढाच होतो. रशियाच्या उत्तरेला सुमारे ९००० ते ७००० वर्षांपूर्वी बऱ्याच भागात जंगल आर्क्टिक किनाऱ्याजवळ पोचलं होतं. पुढे उन्हाळे गार होत गेले आणि ४०००-३००० वर्षांपूर्वीपर्यंत ते आजच्या जागी मागे आलं. अशा माघारीत झाडं एकदम मरत नाहीत. फुटव्यांवर जगत राहतात, पिढ्यान्‌पिढ्या. स्वीडनमधल्या फुलुफ्येलेट डोंगरावरच्या एका नॉर्वे स्प्रूसच्या बुंध्याखाली सापडलेल्या अवशेषांचं वय कार्बन पद्धतीने सुमारे ९५५० वर्षं निघालं. वरचं खोड मात्र काही शतकांचंच. तुमच्या टुंड्रातल्या काळ्या बेटांपैकी काही अशी मागे राहिलेली असतात. आणि जंगलाच्या पोटातले उघडे माळ बऱ्याचदा याची उलट बाजू असतात: आग लागली, फुटवे जळाले, आणि परत यायला लागणारं चांगलं बी तिथे नव्हतं. झाडांचं राज्य नुसत्या सवयीवर चाललं होतं, आगीने ते उघडं पाडलं.

बीची गोष्ट खरंच नाजूक आहे. कळी धरते त्या उन्हाळ्यात ऊब हवी आणि बी पिकतं त्या उन्हाळ्यातही, म्हणजे लागोपाठ दोन चांगली वर्षं. कडेवर गोळा केलेल्या शंकूंतलं बी कापून बघा, बहुतेक पोकळ निघतं. जे भरलेलं असतं त्यातलं बरंच उंदीरवर्गीय प्राणी आणि पक्षी खातात. उरलं ते जाड लायकेनवर पडलं तर मुळी जमिनीपर्यंत पोचायच्या आत वाळतं. म्हणून उन्हाळा गरम झाला तरी जंगल लगेच उठून चालू लागत नाही.

हे सगळं पाहता वर्षाला इतके किलोमीटर असा एक आकडा मी देणार नाही. जगभरच्या १६६ ठिकाणांच्या नोंदी एकत्र करून २००९ मध्ये एक आढावा निघाला. १९०० नंतर ५२ टक्के ठिकाणी वृक्षरेषा पुढे गेली होती, मागे आली फक्त एक टक्का ठिकाणी, बाकीच्या जागच्या जागी. आर्क्टिक १९७९ पासून जगाच्या सरासरीच्या जवळपास चौपट वेगाने तापत असताना निम्म्या कडा हलल्याच नाहीत, हे मला जास्त बोलकं वाटतं. दुसऱ्या टोकाला अलास्कातली ब्रुक्स पर्वतरांग आहे. तिथे पांढरा स्प्रूस टुंड्रात उतरून दशकाला सुमारे चार किलोमीटर वेगाने उत्तरेला चालल्याचं २०२२ मध्ये दाखवलं गेलं. पण तिथे उबदार उन्हाळा, खोल बर्फ, जमिनीतलं पोषण आणि बी वाहून नेणारा हिवाळी वारा हे सगळं एकत्र जुळून आलं आहे.

झुडपांचं तसं नाही, ती खरोखर घाईत आहेत. अलास्काच्या उत्तर उतारावर १९४८ ते १९५० मध्ये विमानातून काढलेल्या फोटोंच्या जागी पन्नास वर्षांनी पुन्हा जाऊन फोटो काढले, तेव्हा अल्डर, विलो आणि खुरटा बर्च स्पष्ट वाढलेले दिसले. झुडूप असलं की त्यात बर्फ अडकून साठतं, बर्फाच्या पांघरुणाखाली जमीन कमी गारठते, सूक्ष्मजीव हिवाळ्यातही काम करत राहतात आणि वसंतात झुडपाला नत्र मिळतं. टुंड्रात नत्राची चणचण किती असते हे अलास्कातल्या टूलिक सरोवराकाठच्या प्रयोगाने दाखवलं: १९८१ पासून खत घातलेल्या वाफ्यांत कापूसगवत मागे पडून खुरटा बर्च माजला.

उलट्या दिशेने ओढणारेही आहेत. फिनलंडच्या उत्तर टोकाला १९६५-६६ मध्ये पतंगाच्या अळ्यांनी हजार चौरस किलोमीटरहून जास्त बर्चवन ओरबाडलं. त्यातला काही भाग अजून टुंड्रासारखाच उघडा आहे, कारण फुटलेले कोंब रेनडियर खातात. पर्माफ्रॉस्ट वितळून जमीन खचली की स्प्रूस दारू प्यायल्यासारखे झुकतात, खाली पाणी साचतं आणि ते बुडून मरतात. ऊब वाढूनही जंगल मागे, असा हा प्रकार.

तुम्ही चित्रं बघतच आहात, तर दोन-तीन युक्त्या. ऑगस्टच्या चित्रात कमरेएवढं अल्डर आणि दहा मीटरचा स्प्रूस दोन्ही गडद दिसतात. मार्च-एप्रिलचं चित्र घ्या. जमीन पांढरी, बुटकी झुडपं गाडलेली, सूर्य खाली असल्याने झाडांच्या सावल्या लांब. सायबेरियात मात्र सांभाळून, लार्च तेव्हा निष्पर्ण असतो आणि जंगलही विरळ वाटतं. सरळ, कोनदार कडेचे माळ दिसले तर हवामानाआधी आग किंवा कुंपण आठवा. फिनलंड-नॉर्वे सीमेवर रेनडियरच्या कुंपणाच्या एका बाजूला दगडफूल शाबूत आणि दुसरीकडे तुडवलेलं, म्हणून ती सीमा आकाशातून पांढरी-काळी दिसते.

आणि तुमची ती बेटं: वळणाच्या नदीला चिकटलेली असतील तर ऊब आणि निचरा यांवर उभी आहेत, त्यांच्याभोवती नवी रोपं शोधण्यात अर्थ आहे. उंचावर, पाण्यापासून दूर, गोल आणि दाट पुंजका असेल तर तो बहुधा एकाच जुन्या झाडाचा पसारा. चित्रात दोन्ही सारखेच काळे दिसतात. फरक बघायचा तर तिथे जाऊन मॉस उकरावी लागते.